हिवाळा आरव्हीत, किनाऱ्याकिनाऱ्यानं: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात किनारा मोकळा असतो. उन्हाळ्यात जिथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही, तिथे वाळूचा सगळा पट्टा तुमच्यासमोर पसरलेला असतो. छोट्या गावातल्या माणसांनाही दोन शब्द बोलायला सवड असते. माझे गेले काही हिवाळे असेच आरव्हीत, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि अंघोळीची सोय असलेल्या गाडीत, गेले आणि ज्याला शक्य आहे त्यानं एक तरी हिवाळा असा काढावा, असं मला मनापासून वाटतं.

नवखी माणसं धास्ती घेतात ती थंडीची. समुद्र मात्र हवा सौम्य ठेवतो आणि आतल्या डोंगराळ मुलखापेक्षा किनाऱ्यावर पारा बहुधा वरच राहतो. खरा त्रास असतो ओलीचा. ती गादीखाली साचते, कपाटातल्या कपड्यांना वास आणते, लाकूड फुगवते आणि दोन-तीन आठवड्यांत माणसाला इतकं वैतागून सोडते की तो बेत अर्धवट टाकून घरी परततो. म्हणून गाडीतलं घर कोरडं ठेवायचं आणि घाई करायची नाही, एवढं धरून पुढचं वाचा.

१. आधी दाराशीच दोन रात्री राहा

गाडी स्वतःची असो की भाड्याची, निघण्याआधी तिच्यात घराच्या दाराशीच दोन रात्री काढा, आणि त्याही चांगल्या थंडीच्या. घरातलं काहीही वापरायचं नाही. स्वयंपाक, अंघोळ, झोप, सगळं गाडीत. हीटर किती आवाज करतो, तो बंद केल्यावर आत किती वेळात गारठतं, पाण्याचा पंप कुठे ठिबकतो, रात्रभरात बॅटरी किती उतरते, हे दाराशी कळलं तर काही बिघडत नाही. तेच अनोळखी गावाबाहेर, पावसात आणि अंधारात कळलं तर सगळी रात्र जाते.

याच वेळी गाडी गळते का ते बघून घ्या. पावसाची वाट पाहू नका. बागेच्या पाइपानं छतावर आणि खिडक्यांच्या कडांवर सावकाश पाणी सोडा, मग आत जाऊन वरच्या कपाटांची दारं उघडा आणि भिंत व छत जिथे मिळतात तो कोपरा अंगठ्यानं दाबा. कडक लागला तर ठीक. मऊ लागला, किंवा कागद-प्लायवूड किंचित फुगलेलं दिसलं, तर पाणी केव्हाच आत मुरलेलं आहे. अशी गाडी तशीच घेऊन निघू नका. सांधे उकरून नव्यानं सील करून घ्या, मगच तारीख ठरवा.

२. वजन आणि टायर

हिवाळ्याचं सामान जड असतं: जाड कपडे, जास्तीचा गॅस, पाण्याचे कॅन, बूट. गाडीच्या कागदपत्रांत कमाल वजन दिलेलं असतं. टाक्या भरून, माणसं बसवून, सगळं सामान ठेवून गाडी एकदा वजनकाट्यावर न्या. शक्य असेल तर पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगवेगळं करून घ्या, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आस जादा दबलेला असू शकतो. १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, हे सामान लावताना लक्षात असू द्या.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला. आरव्ही उभीच जास्त असल्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. वरून नक्षी चांगली दिसली तरी बाजूला बारीक भेगा असतील तर बदला. तापमान ५–६ अंशांनी उतरलं की हवेचा दाब साधारण २ टक्क्यांनी घटतो, तेव्हा थंडीची लाट आली की सकाळी, टायर गार असतानाच, दाब तपासून घ्या.

३. ओल कुठून येते आणि तिला बाहेर कसं काढायचं

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

गाडीतली बहुतेक ओल बाहेरून येतच नाही, ती आपणच तयार करतो. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वासातून आणि त्वचेतून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. उकळतं भांडं, अंघोळ, दोरीवर टाकलेलं ओलं जाकीट यांची भर वेगळी. गॅसची उघडी ज्योत तर यात सगळ्यांच्या पुढे: एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते. म्हणून शेगडी पेटवून घर ऊबदार करायचा मोह टाळा. त्यात विषारी वायूचा धोका आहेच, शिवाय हवा तापते तितकीच ओलीही होते.

ही वाफ सगळ्यात गार पृष्ठभाग शोधते: खिडकीची काच, पुढची मोठी काच, धातूची चौकट, गादीची खालची बाजू. सकाळी उठल्यावर गादीचा कोपरा उचला आणि खालच्या फळीवरून तळवा फिरवा. फळी थंड पण कोरडी लागली तर उत्तम. चिकट लागली, हाताला बारीक थेंब आले, तर गादीखालून हवा खेळत नाही. तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी किंवा हवा जाऊ देणारी जाड चटई घाला, आणि रोज सकाळी गादी तासभर उभी करून ठेवा. हे रोज केलंत तर बुरशी धरणार नाही. आठवडाभर टाळलंत तर कापडावर काळे ठिपके दिसू लागतील, आणि ते एकदा आले की पुरते जात नाहीत.

बाहेर पाऊस पडतोय, हवा दमट आहे, मग खिडकी उघडून आणखी ओल आत का घ्यायची, असं नवख्यांना वाटतं. हिशेब उलटा आहे. गार हवेत वाफ मावतच नाही. ५ अंशांची हवा घनमीटरमागे जेमतेम ७ ग्रॅम वाफ धरते, तर २० अंशांची १७ ग्रॅम. म्हणजे बाहेरची गार आणि दमट हवा आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. ती हवा कोरडीच झाली. म्हणून छताची झडप रात्रभर दोन बोटं उघडी ठेवा, खाली एक खिडकी किंचित फटीवर ठेवा आणि हीटर मंद चालू द्या. खाली गार हवा आत, वर ओली हवा बाहेर. थोडी ऊब वाया जाते, पण ती जाऊ द्यावी. पूर्ण बंद केलेली गाडी पहाटेपर्यंत आतून ठिबकते.

एक साधा आर्द्रतामापक बिछान्याजवळ टांगा. आकडा ४० ते ६० टक्क्यांत राहिला तर निर्धास्त असा. ७०च्या वर सरकू लागला की काहीतरी चुकतंय. मीठ किंवा कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे बंद कपाटात ठेवायला बरे, पण राहत्या गाडीची ओल त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. विजेची जोडणी असेल तेव्हा लहान डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र) दिवसातून काही तास लावला तर फरक लगेच जाणवतो.

पुढच्या काचेला आतून पडदा लावला तर त्याच्यामागे काच आणखी गार होते आणि पाणी धबाधबा वाहतं. त्यापेक्षा काचेला बाहेरून जाड, थरांचं आवरण घाला. ड्रायव्हरची केबिन आणि राहता भाग यांच्यामध्ये एक जड पडदा सोडा, कारण दारांच्या फटींतून सगळ्यात जास्त ऊब तिथूनच जाते. ओले बूट आणि रेनकोट यांना दाराजवळ एक खोलगट ट्रे द्या आणि त्यापलीकडे त्यांना येऊ देऊ नका.

४. ऊब, गॅस आणि अलार्म

हीटर असा हवा, ज्याची ज्योत बंद पेटीत जळते, जो हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो. आत येते ती फक्त तापलेली, कोरडी हवा. गॅसवरचे आणि डिझेलवरचे असे दोन्ही प्रकार मिळतात. डिझेल हीटर गाडीच्याच टाकीतून इंधन घेत असेल तर टाकी पाव भागाच्या खाली गेल्यावर बहुतेकदा तो बंद पडतो. माणूस रस्त्यावरच अडकू नये म्हणून नळी मुद्दाम तशी बसवलेली असते. म्हणून हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या वरच ठेवायची सवय लावा. गरम भागात भरलेलं डिझेल अतिथंड भागात मेणासारखं घट्ट होऊ शकतं, तेव्हा थंड मुलखात शिरताना तिथलंच हिवाळी डिझेल भरून घ्या.

गॅसचा सिलिंडर कशाचा आहे ते बघा. ब्युटेनचा उत्कलनांक उणे ०.५ अंश आहे, म्हणजे पारा शून्यावर आला की सिलिंडर भरलेला असूनही गॅस बाहेर येत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. हिवाळ्यात प्रोपेनच हवा, किंवा निदान ज्यात प्रोपेनचं प्रमाण भरपूर आहे असं मिश्रण. सिलिंडर नेहमी उभा आणि बांधलेला ठेवा.

अलार्म दोन लागतात आणि त्यांच्या जागा वेगळ्या असतात. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून गळतीचा अलार्म खाली बसवतात. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून जातो, त्याला वास नाही आणि झोपेत तो कळत नाही, म्हणून त्याचा अलार्म झोपतो त्या उंचीजवळ, निर्मात्यानं सांगितलेल्या जागी. आठवड्यातून एकदा दोन्हींचं बटण दाबून आवाज ऐका. अलार्मवर त्याचं आयुष्य छापलेलं असतं. मुदत संपली असेल तर वाजत असला तरी बदला. सगळ्यांना एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर ती दमणूक आहे असं समजू नका. दारं उघडा, बाहेर या, मग विचार करा. हीटरचा धूर जिथून बाहेर पडतो ते तोंड बर्फानं, पानांनी किंवा शेजारच्या भिंतीनं अडलेलं नाही ना, हे रोज पाहायचं.

५. विजेचा हिशेब

वहीत मांडा. दोन माणसांचा, विजेच्या जोडणीशिवायचा हिवाळ्यातला एक दिवस १२ व्होल्टवर साधारण असा जातो: कॉम्प्रेसरचा फ्रिज ३० ते ४० अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचं एकक), हीटरचा पंखा १५ ते २५, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून ६ ते ८, फोन आणि लॅपटॉप १५ ते २०. म्हणजे दिवसाला ७० ते ९० अँपिअर-अवर. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणून १०० अँपिअर-अवरची बॅटरी कामाला ५०च येते. शिवाय शून्य अंशाला तिची ताकद आणखी पाचव्या हिश्शानं घटते. एकाच लेड-ॲसिड बॅटरीवर हिवाळ्यात एक रात्रही जेमतेम निघते, हे या आकड्यांतून दिसेल.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येते, पण तिची अट कडक आहे: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, आत कायमचं नुकसान होतं. चांगल्या बॅटरीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, अशा वेळी चार्जिंग आपणहून तोडते. तरीही बॅटरी गाडीच्या राहत्या, ऊबदार भागात असलेली बरी.

सोलरवर हिवाळ्यात विसंबू नका. सूर्य खाली असतो, दिवस लहान असतो आणि किनाऱ्यावर ढगही असतात. ४० अक्षांशाच्या आसपास आडव्या पॅनेलला उन्हाळ्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी ऊर्जा मिळते आणि ध्रुवाकडे सरकाल तशी ती झपाट्यानं कमी होते. पॅनेल तिरकं करता आलं तर बराच फायदा होतो. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. भरवशाचे मार्ग दोनच: गाडी चालताना इंजिनावरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, आणि दर तीन-चार रात्रींनंतर विजेची जोडणी असलेल्या तळावर (आरव्हींच्या मुक्कामासाठीच्या जागी) एक मुक्काम. त्या मुक्कामात बॅटरी भरते, कपडे धुऊन होतात, घर पूर्ण वाळतं. हा खर्च वाचवू नका.

६. पाणी

काटकसरीनं दोघांना दिवसाला २० ते २५ लिटर पुरतं. हिवाळ्यात अडचण येते ती भरण्याची, कारण उन्हाळी तळ बंद होताना नळांचं पाणीही तोडून जातात. म्हणून नळ दिसला, वापरायची परवानगी असली, की टाकी अर्धी असली तरी भरून घ्या.

गोठताना पाणी साधारण ९ टक्के प्रसरण पावतं आणि नळी, पंप, बॉयलर फोडतं. टाकी गाडीच्या आत असेल तर हीटर चालू असेपर्यंत काळजी नाही. टाकी खाली उघड्यावर असेल तर तिला आवरण आणि तापवणारी पट्टी हवी. बाहेरच्या नळाला लावलेली नळी रात्री काढून, रिकामी करून ठेवा. अनेक बॉयलरना दंवापासून वाचवणारा व्हॉल्व्ह असतो, तो ३–४ अंशांच्या सुमारास आपोआप उघडतो आणि सगळं पाणी रस्त्यावर सोडून देतो. पहाटे गाडीखाली थारोळं दिसलं की नवखा माणूस नळी फुटली म्हणून घाबरतो. आत ऊब करा, व्हॉल्व्ह बंद करा, पुन्हा भरा. गाडी काही दिवस रिकामी सोडणार असाल तर सगळं पाणी काढून टाका. सांडपाण्याच्या सापळ्यांत (बेसिनखालच्या वाकड्या नळ्यांत) न गोठणारा द्रव घालायचा तर प्रोपिलीन ग्लायकोलचा घाला. इंजिनातला एथिलीन ग्लायकोल विषारी असतो, तो घरातल्या नळ्यांत कधीही जाता कामा नये.

सांडपाणी आणि टॉयलेटची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. गटार, शेत, वाळू, ओढा, कुठेही नाही. एका गाडीनं असं केलं की पुढच्या सगळ्या गाड्यांना गाव बंद होतं.

७. वाट आखताना

दिवसाला दोन-तीन तासांहून जास्त चालवू नका. किनाऱ्याचे रस्ते वळणाचे, अरुंद, प्रत्येक गावात थांबायला लावणारे असतात. सरासरी ताशी ४० किलोमीटर पडली तरी पुष्कळ. उच्च अक्षांशावर हिवाळ्यात दिवस आठ तासांचाही असतो, तेव्हा दुपारी दोन-तीनपर्यंत मुक्कामावर पोहोचा. उजेडात जागा पाहता येते: जमीन कशी आहे, पाणी कुठे साचेल, वर झाडाच्या वाळक्या फांद्या आहेत का, रात्री निघायची वेळ आली तर वाट मोकळी आहे का.

गाडीची उंची, रुंदी आणि वजन एका चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. उंचीत छतावरचा पंखा आणि अँटेना धरा. कमानीचे जुने पूल आणि गावातल्या गल्ल्या मोटारींसाठीच्या नकाशा-ॲपला कळत नाहीत. मोठ्या गाड्यांचे आकडे घालता येतील असं ॲप वापरा, आणि शंका आली की उतरून चालत जाऊन बघा.

मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय अशी: प्रत्येक मुक्कामासाठी दोन जागा ठरवायच्या. एक समुद्राजवळची, आणि एक आत, आडोशाची, वादळाची चाहूल लागली तर अर्ध्या तासात गाठता येईल अशी. खाडीच्या आतल्या बाजूची गावं, टेकडीमागचे तळ, बंदरापासून दोन-चार किलोमीटर आतली खेडी यासाठी उत्तम. तिथे हवा ऐकू येते, पण गाडी हलत नाही. बंद असलेल्या तळांचा फोन लागत नाही, म्हणून हिवाळ्यात उघडे असलेले तळ आधीच विचारून यादी करून ठेवा. संकेतस्थळावर वर्षभर उघडं असं लिहिलेलं असलं तरी फोन करून खात्री करा. आणि गाडीच्या विम्यात सलग किती दिवस राहायची मुभा आहे, हेही निघण्याआधी वाचा.

८. वारा आणि भरती

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा ६० झाला की गाडीच्या बाजूवरचा दाब सव्वादोन पट होतो. उंच, सपाट भिंतींच्या गाडीला हे फार लागतं. पूल, उंच कडे, दोन टेकड्यांमधली खिंड आणि मोठा ट्रक ओलांडताना झटका बसतो, तिथे वेग आधीच कमी करा. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी निघूच नका. घाई नसणं ही हिवाळी प्रवासाची मोठी सोय आहे, तिचा उपयोग इथे करायचा.

मुक्कामी गाडीचं तोंड किंवा पाठ वाऱ्याला द्या, बाजू नाही. दाराकडून वारा येणार असेल तर दार हातातून सुटून बिजागरी उखडते, म्हणून उभं राहतानाच विचार करा. गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छत कधीही उघडं ठेवून झोपू नका. भिंती बाहेर सरकणाऱ्या गाडीत वादळी रात्री त्या आत ओढून घ्या.

भरतीचं गणित किनाऱ्यावर राहणाऱ्याला यायलाच हवं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती. पण भरतीच्या तक्त्यात दिलेली उंची शांत हवेची असते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलनं उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर चढतं. दाब ३० हेक्टोपास्कलनं पडला तर ३० सेंटिमीटर. त्यावर किनाऱ्याकडे रेटणारा वारा आला आणि तिथीही उधाणाची असली, तर एरवी कोरडा असणारा वाहनतळ पाण्याखाली जातो.

जागा पाहताना वाळूवर उतरून जुन्या भरतीची रेघ शोधा. समुद्रशेवाळ, काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे, शिंपल्यांचा चुरा यांची ती वेडीवाकडी पट्टी असते. बहुधा एकीच्या वर आणखी एक दिसते, वाळून पांढरी पडलेली. वरची रेघ जुन्या मोठ्या उधाणाची. ती डांबरापर्यंत, कुंपणापर्यंत किंवा गवताच्या मुळांपर्यंत आलेली असेल तर तिथे रात्र काढायची नाही, तक्ता काहीही म्हणो. वाळूवर गाडी नेण्याचा विचारही नको. वरून कडक दिसणारी वाळू तीन-साडेतीन टनांच्या गाडीखाली धसते, आणि खाली भरती वाट पाहत असते. गवतही हिवाळ्यात भिजलेलं असतं. खडी किंवा डांबर मिळेपर्यंत पुढे जा. नाइलाजच झाला तर ओढणारी चाकं पक्क्या जमिनीवर राहतील अशी उभी करा.

९. गावात

छोट्या गावात हिवाळ्यात दुकानं लवकर मिटतात, काही आठवड्यातले काहीच दिवस उघडतात. म्हणून पोहोचल्याबरोबर गावात एक पायी चक्कर मारा आणि चार गोष्टी बघून ठेवा: औषधाचं दुकान, पाण्याचा नळ, कपडे धुण्याची सोय आणि डॉक्टर. रोजच्या गोळ्या किमान महिनाभराच्या जवळ ठेवा, चिठ्ठीसकट.

गाडी उभी करण्याची परवानगी आणि तिथे राहण्याची परवानगी या कायद्यानं वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी रात्री झोपायला चालतं, पण खुर्च्या बाहेर मांडल्या, छत उघडलं, की तो मुक्काम ठरतो आणि दंड होतो. पाटी पूर्ण वाचा. पाटी नसेल तर विचारा. बंदरावर किंवा गावाच्या कार्यालयात विचारलेला एक प्रश्न रात्री दोनला दारावर पडणारी थाप वाचवतो. कुणाच्या खिडकीतून दिसणारा समुद्र आपल्या गाडीनं झाकू नका, कोळ्यांच्या गाड्या आणि होड्या वळायची जागा अडवू नका, जनरेटर रात्री लावू नका. शक्य ते गावातूनच घ्या: भाजी, पाव, मासळी, इंधन. हिवाळ्यात दुकान उघडं ठेवणाऱ्याला तुमच्या दोन पिशव्यांची खरी मदत होते.

एका गावी एक रात्र राहून तुम्हाला काहीच दिसत नाही. तीन-चार रात्री राहिलात की दुसऱ्या दिवशी दुकानदार ओळखतो, तिसऱ्या दिवशी कुणीतरी सांगतं की उद्या वारा फिरणार आहे, गाडी त्या भिंतीच्या आडोशाला घ्या. हा सल्ला कुठल्याही ॲपपेक्षा नेमका असतो. तो ऐका.

१०. मीठ, आणि निघण्याची सकाळ

समुद्राच्या तुषारांतलं मीठ काचेवर पांढरं दिसतं, पण जास्त नुकसान गाडीच्या पोटाखाली होतं. थंड भागात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात भर घालतं. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा खालून गोड्या पाण्यानं गाडी धुऊन घ्या: चाकांच्या कमानी, ब्रेक, पायरी, गॅसच्या नळ्या. उच्च दाबाचं पाणी खिडक्यांच्या रबरावर आणि छताच्या सांध्यांवर मारू नका. दाराच्या रबरांना सिलिकॉन आणि बिजागऱ्यांना ग्रीस लावत राहा. बरेच दिवस एका जागी राहणार असाल तर हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा, कारण दमट खाऱ्या हवेत मागचे ब्रेक धरून बसतात. पुन्हा निघाल्यावर पहिल्या दोन-तीनशे मीटरांत हलके ब्रेक दाबून डिस्कवरचा गंज उतरवा.

निघण्याच्या सकाळी घाई करू नका. आधी काचेवरचं पाणी रबरी पट्टीनं ओढून फडक्यात टिपा आणि फडकं बाहेर पिळा, म्हणजे ते पाणी पुन्हा हवेत जाणार नाही. सगळ्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडा. मग गॅसचा कॉक बंद, छताच्या झडपा बंद, पायरी आत, विजेची केबल गुंडाळलेली, नळी काढलेली, कपाटांची कडी लावलेली, चाकाखालचे ठोकळे उचललेले. शेवटी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारा, वर छताकडे आणि खाली जमिनीकडे बघत. ओला ठिपका दिसला तर वाकून हुंगा: पाणी असेल तर निघा, डिझेल किंवा गॅसचा वास आला तर किल्ली फिरवू नका.